राखणीचें कुत्रें : निवड व संगोपन

घरास राखण हवी आणि हातीं पैसा थोडा, अशा स्थितींतील कुटुंबें आमच्या शाळेच्या पंचक्रोशींत पुष्कळ आहेत. गेल्या वर्षभरांत वर्गांतील चार-पांच मुलांनीं निरनिराळ्या वेळीं आम्हांस एकच प्रश्न विचारला : "घरीं राखणीसाठीं कुत्रा घ्यावयाचा आहे, कोणता घ्यावा?" या प्रश्नाचें उत्तर तास संपल्यावर दाराशीं उभें राहून देतां येण्याजोगें नाहीं. शिवाय तें आम्ही स्वतः दोन वेळां चुकून मग शिकलों, व त्यांतील दुसऱ्या चुकीचें मोल एका परक्या मुलास द्यावें लागलें. सबब तें येथें लिहूनच देत आहों.

आमचें घर गांवाच्या अगदीं कडेला आहे. मागें उसाचें शेत व पुढें कच्चा रस्ता. एका पावसाळ्यांत आमच्या आळींतील दोन घरें फुटलीं, व एका घरचीं पितळेचीं भांडीं आणि विहिरीवरची मोटर गेली. तेव्हां आम्हीं शहरांतील आठवड्याच्या बाजारांतून, टोपलींत पांच पिलें घेऊन बसलेल्या एका माणसाकडून, अल्सेशियन म्हणून सांगितलेलें एक पिलूं आठ हजार रुपयांस घेतलें. त्याची आई आम्हीं पाहिली नव्हती. लस टोंचल्याची नोंद मागितली नव्हती. विकणारा म्हणाला, दोन महिन्यांचें आहे. मागाहून पशुवैद्यांनीं तोंड उघडून पाहिलें व पांच आठवड्यांचेंही नसेल असें सांगितलें. सहाव्या दिवशीं पिलानें खाणें सोडलें. मग ओकाऱ्या व रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले. नवव्या दिवशीं तें गेलें. आमची धाकटी मुलगी त्याची वाटी कित्येक दिवस कोणास धुवूं देईना.

या रोगाचें नांव पार्व्हो. १९७८ पूर्वीं हा रोग कुत्र्यांत माहीत नव्हता. त्या वर्षीं तो ओळखला गेला व दोनच वर्षांत जगभर पसरला. एकदां रोग जडला म्हणजे शिरेंतून सलाईन देणें व उलट्या थांबविणें एवढेंच बहुधा आपल्या हातीं राहतें. लस मात्र उत्तम आहे. हा विषाणु अंगणाच्या मातींत कित्येक महिने टिकतो, म्हणून ज्या घरीं असें पिलूं दगावलें तेथें लस न टोंचलेलें दुसरें पिलूं लागलीच आणूं नये. आम्हांस हें ठाऊक नव्हतें. परंतु पैसेच संपले असल्यामुळें ही एक चूक टळली.

दुसरा कुत्रा फुकट मिळाला. एक परिचित कुटुंब गांव सोडून चाललें होतें. त्यांचा तीन वर्षांचा कुत्रा "चांगला तिखट" आहे, राखणीस याहून चांगला मिळणार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. दिवसां सांखळींत ठेवा, परक्याचें तोंड दाखवूं नका, म्हणजे तिखटपणा टिकेल, हा उपदेशही सोबत मिळाला, व तो आम्हीं तंतोतंत पाळला. सात महिन्यांनीं सांखळीची कडी झिजून तुटली. त्या वेळीं फाटकांतून दुधाचा गडू घेऊन येणारा दहा वर्षांचा मुलगा आंत शिरत होता. त्यानें कांहीं आगळीक केली नव्हती. कुत्र्यानें त्याची पोटरी फाडली.

जखम साबणानें व वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, एवढें आम्हांस सुदैवानें माहीत होतें. हळद, चुना, तिखट कांहींएक लावूं न देतां मुलास सरकारी रुग्णालयांत नेलें. रक्त आलें असल्यानें लशीबरोबर जखमेच्या भोंवतीं सीरमही टोंचावें लागलें. पुढें ठरलेल्या दिवशीं लशीच्या बाकीच्या सुया. कुत्र्याचें वार्षिक टोंचण आमच्या हलगर्जीपणामुळें राहिलें होतें. म्हणून नियमाप्रमाणें दहा दिवस त्यास वेगळें बांधून तो खातो-पितो कीं नाहीं हें पाहत बसावें लागलें. रेबीजचीं लक्षणें माणसांत एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. त्यामुळें ते दहा दिवस आमच्या घरांत कोणी धड जेवलें नाहीं. कुत्रा ठीक राहिला, मुलगाही बरा झाला. त्याची आई आम्हांस एक शब्दही बोलली नाहीं. मात्र तो मुलगा पुन्हां आमच्या आळींत आला नाहीं, दुसऱ्या वाटेनें शाळेस जाऊं लागला. दोष कुत्र्याचा नव्हता. सात महिने एकाच खुंटाभोंवतीं फिरणाऱ्या जनावरास सारें जग शत्रु वाटावें यांत नवल काय?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. घरच्या कुत्र्याचें काम चावणें नव्हे, भुंकणें होय. चोरास काळोख व शांतता हवी असते. ज्या घरीं पाऊल वाजतांच जाग होते, तें घर सोडून तो बहुधा पुढें जातो. हल्ला करण्यास शिकविलेलीं कुत्रीं पोलिसांचीं व लष्कराचीं. त्यांजवर नेमलेला माणूस असतो, रोजची तालीम असते, व सोडलेला कुत्रा एका शब्दासरशीं परत बोलावतां येतो. तसा कुत्रा लहान मुलांच्या घरांत आणणें म्हणजे भरलेली बंदूक खुंटीस टांगण्यासारखें आहे. चांगल्या राखणदारास घरचा कोण, परका कोण व नेहमींचें काय, हें कळलें पाहिजे. आणि "पुरे" म्हणतांच त्यानें थांबलें पाहिजे. एवढ्या कामास फार पैसा लागत नाहीं, आणि फार मोठा कुत्राही लागत नाहीं.

जातींविषयीं लोकांत मोठा भ्रम आहे. अल्सेशियन म्हणजे जर्मन शेफर्ड. स्टेफानिट्झ नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें १८९९ मध्यें ही जात नांवारूपास आणली, ती मेंढ्या राखण्याकरितां. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजांस जर्मन हा शब्दही नकोसा झाला, म्हणून त्यांनीं अल्सेशियन हें नांव रूढ केलें, व तें आपल्याकडे अद्यापि चालू आहे. डोबरमन हा जर्मनींतील आपोल्डा गांवच्या एका करवसुली अधिकाऱ्याच्या नांवानें ओळखला जातो. वसुलीस हिंडतांना सोबत हवी म्हणून त्यानें हे कुत्रे तयार केले असें सांगतात. दोन्ही जाती बुद्धिमान् आहेत. परंतु त्यांस रोजचा व्यायाम, रोजचें शिक्षण व भरपूर खाणें लागतें. यांतील एकही गोष्ट कमी पडली कीं त्यांची बुद्धि घरचें सामान फाडण्याकडे वळते. शेफर्डचें दाट लोंकरीचें अंग आपल्या उन्हाळ्यास जुळत नाहीं, व मागच्या पायांच्या खुब्यांचा विकार त्या जातींत पुष्कळ आढळतो. शिवाय स्वस्तांत मिळणारें "जातिवंत" पिलूं म्हणजे काय असतें, तें वर सांगितलेंच आहे.

आपल्या देशांतही नांवाजलेल्या जाती आहेत. मराठवाड्यांतील कारवानी व त्याचाच भाऊबंद असा मुधोळचा कुत्रा, हे लांब तोंडाचे, खोल छातीचे व बारीक कमरेचे शिकारी कुत्रे होत. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं या कुत्र्यांची जोपासना केली. २००५ मध्यें भारतीय टपाल खात्यानें चार देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळचा कुत्रा आहे. २०१६ मध्यें लष्करानेंही या जातीचीं पिलें मीरतच्या आपल्या केंद्रांत शिक्षणासाठीं नेलीं. ज्यांच्या घरीं मोकळें शेत आहे त्यांनीं कारवानी अवश्य पाळावा. परंतु तो नजरेनें शिकार हेरून धांवणारा प्राणी आहे. दोन खोल्यांच्या घरांत त्यास कोंडणें अन्याय होईल, आणि शेजारच्या कोंबड्यांवरही संकट येईल.

उरला आपला गांवठी कुत्रा. यास "बेवारशी" म्हणून हिणवितात. पण बेवारशी ही त्याची जात नव्हे, आमची वागणूक आहे. कोणी न निवडतां, आपल्याच हवापाण्यांत असंख्य पिढ्या टिकून राहिल्यामुळें त्याच्या अंगीं फाजील कांहीं उरलें नाहीं : आखूड केंस, उभे कान, काटक पाय, वजन पंधरा ते वीस किलोच्या आसपास. तो थोडें खातो, उन्हांत निभावतो, जिभेपेक्षां कानावर अधिक भरंवसा ठेवतो व परक्याविषयीं स्वभावतःच सावध असतो. राखणीस याहून अधिक गुण कोणते हवेत? आमच्या मतें ज्या कुटुंबाचें उत्पन्न मर्यादित आहे, त्यानें गांवठी पिलूंच घ्यावें, व किंमतीचे जे पैसे वांचतील ते लशींसाठीं बाजूस काढून ठेवावे.

पिलूं निवडतांना प्रथम आईकडे पाहावें. जी कुत्री परक्यास पाहून भुंकते, पण घरच्या माणसानें हाक मारतांच शांत होते, तिचीं पिलें उत्तम. जी भीतीनें शेंपूट पोटाशीं घेऊन चावावयास येते, तिचीं टाळावीं. भित्रा कुत्रा हाच बहुधा चावरा निघतो. पिलांच्या जवळ जमिनीवर बसावें व किल्ल्यांचा जुडगा खालीं टाकावा. जें पिलूं दचकतें, पण क्षणभरानें पुढें येऊन किल्ल्या हुंगतें, तें घ्यावें. जें कोपऱ्यांतून बाहेरच येत नाहीं, तें राखणीस कामाचें नाहीं. डोळे व नाक स्वच्छ असावें, पोट नगाऱ्यासारखें फुगलेलें नसावें. आठ आठवड्यांच्या आंत पिलूं आईपासून तोडूं नये. त्या वयास त्याचे दुधाचे अठ्ठावीसही दांत बहुधा आलेले असतात, म्हणून तोंड उघडून पाहण्यास लाजूं नये. नर कीं मादी? लोक नर मागतात. आमचा अनुभव असा कीं, मादी घर सोडून कमी भटकते. तिची नसबंदी करून घ्यावी, म्हणजे पुढें दर वर्षास पिलांची चिंता राहत नाहीं व गर्भाशयांत पू होण्याचा जीवघेणा विकारही टळतो.

अशी निवड करूनच आम्हीं तांबीस आणलें. पलीकडच्या वाडीवरच्या एका कुत्रीची ती मुलगी. किंमत म्हणून तिच्या मालकिणीनें एक नारळ व पिलाच्या आईसाठीं शेरभर दूध एवढेंच घेतलें.

खर्चाची वही आम्हीं ठेविली आहे. पहिल्या वर्षीं लशी, जंतांचीं औषधें, नसबंदी, पट्टा व दोरी मिळून साडेसहा हजार रुपयांच्या आंत काम झालें; बाजारांतील त्या पहिल्या पिलाच्या नुसत्या किंमतीपेक्षां कमी. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत पुष्कळ गोष्टी नाममात्र फी घेऊन होतात, हें अनेकांस ठाऊकच नसतें. पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, पिलूं चार महिन्यांचें होईपर्यंत द्यावी लागते. एकच सुई देऊन निश्चिंत होणारे लोकच पुढें "लस देऊनही मेलें" अशी तक्रार करितात. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास, नंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें पुन्हां एक, व पुढें दरवर्षीं, न चुकतां. जंतांचें औषध लहानपणीं वारंवार लागतें. गोचिडांसाठीं अंगास रॉकेल चोळण्याची चाल आहे, ती घातक आहे; कातडी भाजते, व चाटलेलें रॉकेल पोटांत जातें.

खाण्याविषयीं थोडक्यांत सांगतों. नुसत्या भाकरी-दुधावर पिलाचीं हाडें धरत नाहींत. भाकरी अथवा भात अर्धा, व अर्धें अंडें, दहीं, शिजविलेली वजडी, काळजाचा लहानसा तुकडा असें असावें. खाटकाकडे या वस्तु स्वस्त मिळतात. मांसाहार वर्ज्य असलेल्या घरीं अंडें तरी चालवून घ्यावें, असें आम्ही आग्रहानें सांगूं. शिजविलेलीं हाडें देऊं नयेत. त्यांचे कंगोरे आंतडें फाडतात. कांदा, लसूण, द्राक्षें, बेदाणे व चॉकलेट हीं कुत्र्यास विषासमान आहेत, म्हणून फोडणीची आमटी भाकरीवर ओतण्याची संवय सोडावी. चार महिन्यांपर्यंत दिवसांतून चार वेळां थोडें थोडें, मग तीन वेळां, मोठेपणीं दोन वेळां द्यावें. एक गोष्ट विशेष : त्याचें खाणें नेहमीं एकाच वाटींत, घरच्याच हातून असावें. वाटेवर टाकलेला तुकडा सोडल्याबद्दल वाटींतून अधिक चांगला तुकडा मिळतो, हें त्यास लहानपणींच शिकवावें. चोर कित्येकदां विष घातलेला पदार्थ फेंकून मग आंत शिरतात.

आतां सर्वांत महत्त्वाचें, म्हणजे संगोपन. कुत्रा तिखट व्हावा म्हणून त्यास मिरची खाऊं घालणारे, अंधाऱ्या खोलींत कोंडणारे, कान कापणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. मिरचीनें पोट बिघडतें, अंधारानें भीति वाढते, आणि कान कापण्यानें ऐकूं अधिक येत नाहीं; यापलीकडे या उपायांचा परिणाम नाहीं. स्कॉट व फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिलांवर प्रयोग करून १९६५ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. पिलाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्याच्या सुमारापर्यंतचा काळ माणसाशीं व जगाशीं ओळख होण्याचा असतो, असें त्यांस दिसून आलें. या काळांत जें दिसलें नाहीं, तें पुढें जन्मभर संशयास्पद वाटतें. म्हणून तांबी घरीं आल्यापासून आम्हीं तिला रोज कांहींतरी नवें दाखविलें : छत्री, सायकल, काठी टेकीत चालणारे आजोबा, शाळेचा गणवेश घातलेलीं मुलें, दुधाचा गडू. लशी पूर्ण होईपर्यंत तिला इतर कुत्र्यांच्या वाटेवर सोडलें नाहीं; कडेवर घेऊन फिरविलें. शेजारी हंसले, व आम्हींही हंसून घेतलें.

येथें एक शंका हटकून निघते : सर्वांशीं ओळख झालेला कुत्रा चोराशींही शेंपूट हालवील, मग राखण कसली? परंतु घडतें उलट. ज्यास नेहमींचें काय हें नीट ठाऊक आहे, त्यासच वेगळें काय हें कळतें. पोस्टमन सकाळीं अकरा वाजतां फाटकाची कडी वाजवून येतो. रात्रीं दोन वाजतां कुंपणावरून कोणी येत नसतें. एवढा भेद गांवठी कुत्री आपोआप करते. सांखळीवर वाढलेला कुत्रा सर्वांवर सारखाच भुंकतो, त्यामुळें घरचीं माणसें त्याचें भुंकणें ऐकेनाशीं होतात, आणि मग चोर खरोखर आला तरी कोणी उठत नाहीं. तांबी भुंकली कीं आम्हीं उठून पाहतों, "शाबास" म्हणतों, मग "पुरे" म्हणून अंड्याचा लहानसा तुकडा देतों. तीन महिन्यांत ती "पुरे" शिकली. हातांत काठी घेण्याचा प्रसंग आला नाहीं. मारून शिकविलेला कुत्रा भुंकण्यापूर्वींची गुरगुर विसरतो व एकदम चावतो; गुरगुर हें त्याचें सभ्य सूचनापत्र आहे, तें दाबूं नये.

दिवसां थोडा वेळ बांधणें निराळें व जन्मभर बांधून ठेवणें निराळें. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमांत, नेहमीं सांखळींत अथवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणें हा अपराध सांगितला आहे. दुसऱ्या बाजूनें, आपल्या जनावरापासून माणसास इजा होऊं नये म्हणून योग्य ती खबरदारी न घेणें हाही भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. त्या दुधाच्या गडवाल्या मुलाच्या आईनें फिर्याद केली असती, तर आम्हांस उत्तर देतां आलें नसतें. फाटकास आंतून कडी, बाहेर पाटी, व फिरावयास नेतांना दोरी, एवढें असावेंच. कुत्रा जेवत असतां अथवा निजला असतां लहान मुलास त्याच्यापाशीं एकटें सोडूं नये. कुत्रा कितीही गरीब असला तरी.

जुन्नर, अकोले या बाजूच्या आमच्या विद्यार्थ्यांकरितां आणखी दोन शब्द. उसांत राहणारे बिबटे आतां तेथें नवलाचे राहिले नाहींत. अकोल्याच्या खोऱ्यांत बिबट्यांच्या विष्ठेचा शास्त्रीय अभ्यास झाला, त्यांत त्यांच्या भक्ष्याचा सर्वांत मोठा वाटा पाळीव व गांवच्या कुत्र्यांचा निघाला. अंगणांत बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यास वाढलेलें ताट होय, आणि तें ताट त्यास आपल्या उंबरठ्यापर्यंत घेऊन येतें. अशा गांवीं रात्रीं कुत्रा जाळीच्या पडवींत अथवा घराच्या आंतच असावा. कानांस भिंत आडवी येत नाहीं. आंत निजलेली तांबीही कुंपणापलीकडची चाहूल आमच्या आधीं ओळखते.

तांबी आतां आठ वर्षांची आहे. मागील फाल्गुनांत पहांटेच्या वेळीं ती भुंकली, ती "पुरे" म्हटल्यावरही थांबेना. आम्ही कंदील घेऊन मागें गेलों, तों विहिरीवरच्या मोटरीचे दोन नटबोल्ट काढलेले व पान्हा तेथेंच पडलेला. पान्हा आम्हीं ठेवून घेतला आहे. अलीकडे मात्र तिच्या तोंडावर पांढरे केंस दिसूं लागले असून उजव्या बाजूनें हाक मारिली तर ती उशीरा वळते. जुना राखणदार हातपाय धरून आहे तोंच नवें पिलूं आणावें, म्हणजे कोणत्या आवाजास उठावयाचें व कोणत्या आवाजास नुसते कान हालवून पुन्हां निजावयाचें, हें तें तिच्याकडूनच शिकतें. पलीकडच्या वाडीवर निरोप धाडला आहे. तेथील कुत्री येत्या महिन्यांत विणार आहे.